एका लग्नाचे कागद, एका आईचे मौन

शनिवार, 6 मे 1944. लंडनच्या चेल्सी भागातील विवाह नोंदणी कार्यालयात एक लग्न लागले. वधू कॅथलीन अ‍ॅग्नेस केनेडी, वय 24. घरात आणि मित्रमंडळीत तिला ‘किक’ म्हणत. वडील जोसेफ केनेडी 1938 ते 1940 या काळात अमेरिकेचे ब्रिटनमधील राजदूत होते. वर विल्यम कॅव्हेंडिश, मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन, वय 26. सैन्यातील कोल्डस्ट्रीम गार्ड्सचा अधिकारी आणि डेव्हनशायरच्या ड्यूकपदाचा वारस. घरचे लोक त्याला बिली म्हणत. त्याचे आईवडील लग्नाला होते. वधूच्या घरचा मात्र एकच माणूस हजर होता: अमेरिकी नौदलाच्या गणवेशातला तिचा थोरला भाऊ जो. वधू कॅथलिक, वर अँग्लिकन, आणि लग्न चर्चबाहेर.

या लग्नाची प्रचलित हकीकत थोडक्यात अशी : आई रोझ कडवी कॅथलिक होती, तिने लेकीकडे पाठ फिरवली आणि अखेरपर्यंत तिला क्षमा केली नाही. अनेक चरित्रांतून ती आपल्यापर्यंत येते आणि वाचायला पटतेही. पण त्या घरातले लोक एकमेकांना सतत लिहीत असत. बॉस्टनच्या जॉन एफ. केनेडी ग्रंथालयात त्यांचे कागद जपलेले आहेत, आणि जोसेफ केनेडींची नात अमांडा स्मिथ हिने 2001 मध्ये त्यांतील निवडक पत्रांचा जाडजूड संग्रह प्रसिद्ध केला. बखर आणि अस्सल पत्र यांत विरोध आला तर पत्राला झुकते माप द्यावे, ही इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या परंपरेची शिकवण इथेही लागू आहे. त्या आठवड्यात लिहिलेली तार हे एक साधन. चाळीस वर्षांनी मैत्रिणीने सांगितलेली आठवण हे वेगळे साधन. दोन्ही वाचावीत, पण एकाच तराजूत घालू नयेत.

आधी कायद्याचा कागद पाहू, कारण त्याशिवाय बाकीच्या कागदांतली तगमग कळत नाही. कॅथलिक चर्चची 1917 ची कायदासंहिता 19 मे 1918 पासून अमलात आली होती. तिचे कलम 1060 बाप्तिस्मा घेतलेल्या इतर पंथीयाशी विवाह करण्यास सक्त मनाई करते. कलम 1061 सूट देते, पण अटींवर : बिगर-कॅथलिक जोडीदाराने दुसऱ्याच्या श्रद्धेला धोका न पोहोचवण्याची हमी द्यावी, आणि होणारी सगळी मुले कॅथलिक म्हणूनच वाढवू, असे वचन दोघांनीही द्यावे, ही वचने शक्यतो लेखी असावीत. कलम 1094 नुसार धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर न झालेले कॅथलिकाचे लग्न चर्चच्या दृष्टीने लग्नच नव्हे. बॉस्टनमध्ये जो नियम होता तोच त्या काळी वसईत, गोव्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन वाड्यांतही होता. रजिस्टर लग्न केलेली मुलगी कायद्याच्या दृष्टीने पत्नी ठरे, पण कम्युनियनच्या रांगेत तिला उभे राहता येत नसे.

अडचण नेमकी मुलांच्या वचनापाशी होती. एप्रिल 1944 च्या अखेरीस बिलीने भावी सासूला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे, आणि या प्रकरणातले ते सर्वांत सरळ साधन म्हणावे लागेल. किकवर आपले प्रेम फार दिवसांपासून आहे, धर्माची अडचण ओलांडता येणार नाही असे मानण्याचा आपण प्रयत्न करून पाहिला, पण मुलांना कॅथलिक करण्याचे वचन आपल्या सद्सद्विवेकाला पटत नाही, असे तो लिहितो. आपल्या स्थानामुळे इतरांपुढे घालून द्यायच्या उदाहरणाची जबाबदारी आपल्यावर आहे, हे त्याचे कारण. ही सबब नव्हती. कॅव्हेंडिश घराणे शतकानुशतके प्रोटेस्टंट सत्तेचा आधारस्तंभ होते. बिलीच्या पणजोबांचे भाऊ लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश यांचा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आयरिश क्रांतिकारकांनी खून केला, तो 6 मे 1882 रोजी. लग्नाचीही तारीख तीच. हा योगायोगच मानावा. त्यावर काही उभारण्याचा मोह आवरलेला बरा. पण त्या घराला आयरिश वंशाची कॅथलिक सून किती अवघड गेली असेल, हे त्यावरून कळते. म्हणजे दोन्ही घरांत श्रद्धा होती आणि दोन्ही बाजूंना आपापले कर्तव्य होते. कोणी एक खलनायक शोधू गेल्यास कागद साथ देत नाहीत.

कॅथलीननेही घाईने पाऊल टाकलेले नाही. त्या वसंतातल्या तिच्या पत्रांत ती सल्ला घेत फिरताना दिसते. जेझुइट धर्मगुरू मार्टिन डार्सी आणि वेस्टमिन्स्टरचे साहाय्यक बिशप डेव्हिड मॅथ्यू यांच्याशी ती बोलली. सूट मिळण्याचा मार्ग निघाला नाही. तिकडे वडिलांनी न्यूयॉर्कचे आर्चबिशप स्पेलमन यांच्यामार्फत प्रयत्न केले. तेही निष्फळ ठरले.

आता आईचा कागद. ‘किकच्या लग्नावरील माझ्या प्रतिक्रियांची टिपणे’ अशा अर्थाचे शीर्षक रोझने स्वतःच या टिपणांना दिले आहे. नोंदणी पद्धतीने लग्न करण्याचा निर्णय घेतल्याची मुलीची तार आल्याचे पतीने फोनवर सांगितले, तेव्हा आपण हादरलो, काळीज फाटले, असे ती लिहिते. त्यानंतर दोन गोष्टी येतात. पहिली : मुलीला या पेचात वाहवत जाऊ दिले, यात आपली जबाबदारी किती, यावर नवराबायको क्षणभर बोलले. दुसरी : आपल्या घराकडे लोक सद्वर्तनी आणि धर्मनिष्ठ म्हणून बोट दाखवत, त्या प्रतिष्ठेला हा केवढा धक्का! चरित्रकार बहुधा दुसरे वाक्य उचलतात, कारण त्यात अभिमान दिसतो. पहिल्या वाक्याकडे तितके लक्ष जात नाही. वास्तविक तेच अधिक महत्त्वाचे आहे. कॅथलिक आईच्या मनात मुलांच्या आत्म्याचा हिशेब स्वतःच्या नावावर मांडलेला असतो. रोझचा पहिला प्रश्न ‘तिने असे का केले’ हा नव्हता. ‘आपण कुठे कमी पडलो’ हा होता. पुढचा सगळा पत्रव्यवहार या एका प्रश्नाभोवती फिरतो, असे माझे वाचन आहे.

रोझने मुलीला तार केली. आपण भग्नहृदय झालो आहोत, तुझ्यावर चुकीचा प्रभाव पडला आहे असे वाटते, स्पेलमन यांच्या परिचयातील व्यक्ती तुला भेटेल, आणि प्रभूसाठी केलेल्या त्यागाचे शतपट फळ मिळते, असा तिचा आशय. कॅथलीनने निर्णय बदलला नाही.

इथे एक बारकावा तपासण्याजोगा आहे. ड्यूकच्या घरचे लग्न, तरी ते अँग्लिकन चर्चमध्ये का लागले नाही? युद्धकाळाचा साधेपणा हे एक उत्तर. पण कायद्यात दुसरे उत्तर सापडते. संहितेचे कलम 2319 सांगते की, बिगर-कॅथलिक धर्मोपदेशकासमोर विवाह करणारा कॅथलिक आपोआप बहिष्कृत होतो. सरकारी निबंधक हा धर्मोपदेशक नव्हे. नोंदणी कार्यालयात लग्न केल्यास कम्युनियनसारख्या संस्कारांना मुकावे लागे, पण बहिष्काराचे ते कलम लागू होत नसे. हाच विचार करून ती जागा निवडली गेली, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण इतक्या धर्मगुरूंशी बोललेल्या मुलीला हा फरक कळला नसेल, हे संभवत नाही. म्हणून हा तर्क मी बळकट मानतो : चर्चबाहेर जातानाही तिने परतीची वाट शक्य तितकी मोकळी ठेवली होती.

लग्नाच्या दिवशीचे मुलीकडचे वर्णन आईपर्यंत पोहोचले ते रोझची लंडनमधील मैत्रीण मेरी ब्रूस हिच्या तारेतून. मुलगी फिकट गुलाबी पोशाखात सुंदर दिसत होती, तरुण जोडप्याचा आनंद पाहून तुलाही बरे वाटले असते, दुःख आहे ते फक्त तुझ्या दुःखाचे, असे तिने कळवले. अमेरिकेत मात्र रोझ बॉस्टनच्या रुग्णालयात दाखल होती आणि लग्नाबद्दल बोलण्याइतकी प्रकृती ठीक नसल्याचे वार्ताहरांना सांगण्यात आले. आजार खरा होता की पत्रकारांपासून आडोसा होता, याचा निकाल त्या निवेदनावरून लावता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

याच दिवसांतली भाऊ जो याची तार अवघ्या काही शब्दांची आहे. मौनाची ताकद मोठी असते, एवढेच तिचे म्हणणे. तार वडिलांच्या नावे आहे. उपदेश म्हणून ती वाचता येईल, पण लंडनमध्ये बहिणीची घालमेल बघणाऱ्या भावाने घराच्या अबोल्यावर ठेवलेला हा ठपका आहे, हेच वाचन अधिक सयुक्तिक. कारण पाठोपाठच्या त्याच्या पत्रात त्याची बाजू स्पष्ट होते : बिलीचे किकवर जिवापाड प्रेम आहे, लोक काय म्हणतील याची पर्वा नको, आणि तिच्या आत्म्याचे म्हणाल तर स्वर्गात जाण्याची तिच्या निम्मी संधी जरी मला असती तरी पुष्कळ झाले. वडिलांनीही या सुमारास मुलीला दिलासा दिला. देवावर श्रद्धा असताना तुझ्या हातून चूक व्हायची नाही आणि माझ्या लेखी तू कायम अव्वलच राहशील, असा त्यांच्या तारेचा आशय आहे. दुसरा भाऊ जॉन आपला मित्र लेम बिलिंग्ज याला लिहितो की, झाले ते स्वीकारावे हेच बरे. बहीण युनिसचा धार्मिक संतापही अखेर तिथेच येऊन थांबला होता. घर एकसंध नव्हते. प्रत्येकाने आपापल्या परीने मार्ग काढला.

आणि मग 9 मेचे पत्र. लग्नाला तीन दिवस झाले असताना कॅथलीन आईला लिहिते. आपण चूक केली असे ती म्हणत नाही, आणि आईचे मत चुकीचे आहे असेही म्हणत नाही. ती सांगते : तुला जे वाईट वाटते, आणि मला वाटत नाही, त्या कृत्याची जबाबदारी स्वतःकडे घेऊ नकोस. थांबवण्यासाठी तू शक्य ते सगळे केलेस. कॅथलिक आई म्हणून तुझे कर्तव्य तू पार पाडलेस. तू अपयशी ठरलेली नाहीस, माझ्या धर्मशिक्षणात काही कमी नव्हते. रोझच्या खासगी टिपणातला प्रश्न आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचावे. मुलीने ते टिपण पाहिलेले असणे शक्य नाही, तरी उत्तर बरोबर त्याच प्रश्नाला आहे. ती आईला पूर्ण ओळखून होती.

यानंतरची आईची लेखी साक्ष येते ती जूनच्या अखेरीस. त्या पत्रात रोझ कबूल करते की आपण भयंकर अस्वस्थ झालो होतो; पण ते आता संपले, आणि तुझे बिलीवर इतके प्रेम आहे तर आम्ही सगळे त्याचे खुल्या मनाने स्वागत करू. ‘क्षमा न करणारी आई’ ही हकीकत 1944 पुरती या पत्रापाशी कोसळते. पण पत्रात नसलेले त्यात वाचू नये. लग्न योग्य होते, असे रोझ कुठेही म्हणत नाही. मधल्या सात-आठ आठवड्यांत तिचे मन कशाने वळले? मुलीचे पत्र हे पहिले कारण मानावे. 6 जूनला नॉर्मंडीवर सैन्य उतरले आणि त्याच महिन्यात बिलीही आघाडीवर गेला, हे दुसरे. जावई रणांगणावर असताना अबोला धरणे आईला अवघड गेले असणार. हा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच तो ठेवावा.

पुढच्या तारखा निर्दय आहेत. 12 ऑगस्टला थोरला भाऊ जो स्फोटकांनी भरलेल्या विमानात सफोकच्या आकाशात मारला गेला. कॅथलीन शोकासाठी अमेरिकेला आईवडिलांकडे आली. दार बंद नव्हते, याचा हा कृतीतला पुरावा. ती तिथेच असताना सप्टेंबरमध्ये बेल्जियममधील हेपेन गावी बिली गोळी लागून पडला. चर्चच्या नियमानुसार आता तिच्या आणि संस्कारांच्या मध्ये काही उरले नव्हते.

1948 चे प्रकरण वेगळे आहे. आठवे अर्ल फिट्झविल्यम हे विवाहित गृहस्थ होते आणि कॅथलीन त्यांच्याशी लग्न करू पाहत होती. इथे प्रश्न मुलांच्या वचनाचा नव्हता. पहिला विवाह अबाधित असताना सूट मागायलाही जागा नव्हती. आईने संबंध तोडण्याची धमकी दिली, असे सांगतात. ते मुख्यतः नंतरच्या आठवणींवर उभे आहे, 1944 सारख्या पत्रमालिकेवर नाही. 13 मे 1948 रोजी फ्रान्सच्या आर्देश भागात विमान कोसळून दोघेही गेले. चॅट्सवर्थजवळच्या एडन्सर गावी, कॅव्हेंडिशांच्या अँग्लिकन दफनभूमीत, तिला ठेवले. केनेडींपैकी वडील तेवढे हजर होते. रोझ आली नाही, हे निश्चित. का आली नाही, हा अंदाज. त्या गैरहजेरीच्या प्रकाशात चार वर्षांपूर्वीचे सगळे वाचण्याची चूक चरित्रांनी केली आहे.

नियमही पुढे बदलला. 31 मार्च 1970 रोजी पोप सहावे पॉल यांच्या आदेशाने वचनाचा भार फक्त कॅथलिक जोडीदारावर आला, तोही ‘शक्य ते सर्व करीन’ इतकाच. दुसऱ्याला त्याची कल्पना दिली म्हणजे पुरे. बिलीचे ते पत्र या नियमाखाली अडसर ठरले नसते.

तेव्हा हिशेब असा. रोझने श्रद्धा सैल केल्याचा पुरावा नाही. 1944 मध्ये तिने मुलीला टाकल्याचाही पुरावा नाही. उलट तिला घरात घेतल्याचा आणि जावयाच्या स्वागताची तयारी दाखवल्याचा आहे. आणि या दोन गोष्टींच्या मध्ये उभे आहे एका 24 वर्षांच्या मुलीचे पत्र, जिने स्वतःच्या निर्णयाची बाजू मांडण्याआधी आईला अपराधातून मोकळे केले. आजही कुणा कॅथलिक घरात लेक किंवा भाचा चर्चबाहेर लग्न करतो, तेव्हा वाद बहुधा नियमावर रंगतो. हे कागद सांगतात की नियमाखाली एक भीती दडलेली असते, आपण कमी पडलो ही. आणि तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत, वेळेवर उत्तर द्यावे लागते.