पापणी लवेपर्यंतची नजर

डोळे तपासायला गेलं की समोर अक्षरांचा तक्ता असतो: वर ठळक, खाली बारीक होत गेलेली अक्षरं. हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरने तो १८६२ मध्ये आणला. मात्र कोरडा डोळा या तक्त्याला सहज चकवतो. अक्षर धूसर झालं की आपण पापणी मिटतो, अक्षर पुन्हा स्पष्ट होतं आणि कागदावर ‘नजर उत्तम’ असं लिहिलं जातं.

प्रकाश डोळ्यात शिरताना आधी अश्रूंच्या थराला भेटतो. हा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच जाड. त्यावर तेलाचा आणखी पातळ पापुद्रा असतो. ते तेल पाझरवणाऱ्या पापण्यांमधल्या ग्रंथींचं वर्णन हाइनरिख माइबोमने १६६६ मध्येच केलं होतं. हवा कोरडी असली की अश्रू लवकर उडतात, थर फाटतो, प्रकाश विखुरतो.

डॉक्टरांनी मात्र आधी मोजलं ते पाणी. १९०३ मध्ये शिर्मरने पापणीत कागदाची पट्टी अडकवून ती किती भिजते ते पाहिलं. थर किती सेकंद टिकतो, हे मोजायला १९६९ उजाडलं. १९९५ च्या तज्ज्ञांच्या व्याख्येतही डोळ्यांचा त्रास होता, पण बिघडलेल्या नजरेचा उल्लेख नव्हता. तो आला २००७ मध्ये.

या उशिराची किंमत म्हाताऱ्या डोळ्यांना जास्त पडते. वयानुसार अश्रू कमी होतात, तेलग्रंथी आक्रसतात, बुबुळाची संवेदनाही बोथट होते. त्यामुळे कोरड्या हवेत नजर धूसर होते, पण चुरचुर तितकी जाणवत नाही. मग ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो.

तरुण डोळा चुरचुरतो, पाणी आणतो, सावरतो. पण त्यासाठी पापणी लवायला हवी. १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी ऑफिसातल्या १०४ जणांच्या पापण्या मोजल्या: निवांत असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १०, स्क्रीनसमोर फक्त ७. एसीच्या कोरड्या हवेत फोनकडे टक लावून बसणारा विशीतला डोळा ही सावरायची संधीच कमी करून घेतो.

म्हणून आजी ‘मधूनच धूसर दिसतं’ म्हणाली, तर ‘मधूनच’ हा शब्द सोडू नका. मोतीबिंदूचा धूसरपणा पापणी मिटल्याने जात नाही. अश्रूंच्या फाटलेल्या थराचा जातो, क्षणभर का होईना. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. तक्ता ते सांगणार नाही.