निक्षेप आणि प्रक्षेप : घोड-कुकडीच्या खोऱ्यातील इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि दप्तरे येतात. ही सारी साधने कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने निर्माण केलेली असतात. परंतु दख्खनच्या भूतकाळाचा फार मोठा भाग कोणी लिहून ठेवलेला नाही. तो नद्यांनी आणून टाकलेला आहे. खडकाचे विदारण होते, त्याची झीज होते, झिजलेला माल पाण्याबरोबर वाहतो आणि प्रवाहाचा जोर ओसरला की त्याचे संचयन होते, हा शालेय भूगोलातील परिचित क्रम. काय टिकावे आणि काय नष्ट व्हावे, हे ठरवणाऱ्या या शक्तींना इतिहासाशी काही देणेघेणे नसते. म्हणूनच त्यांनी मागे ठेवलेला पुरावा वाचताना, जुन्या पोथीची संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाची सावधगिरी लागते. सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या घोड व कुकडी या नद्यांच्या खोऱ्यात हे विशेष स्पष्टपणे दिसते.

आरंभ लिखित साधनापासूनच करू. कुकडीच्या उगमाजवळ, जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख कोरलेला आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची तपशीलवार नोंद आहे. भारतीय अंकांच्या इतिहासातही त्याला महत्त्वाचे स्थान आहे. मात्र हा लेख आज अखंड नाही. मधली अक्षरे, कोठे कोठे शब्दच्या शब्द, झडून गेले आहेत. त्याच लेण्यात राजकुटुंबातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता वर त्यांची नावे उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. खडकात कोरले म्हणजे ते चिरंतन झाले, ही आपली समजूत येथे तपासून पाहावी लागते. शिलालेखही विदारणाच्या कक्षेबाहेर नाही.

हा खडक बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी दख्खनचे पठार घडले. कठीण दिसणाऱ्या या कातळाला मुळातच भेगा असतात. त्यांतून पाणी शिरते, लोहयुक्त खनिजे गंजतात आणि धोंड्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. त्यातून मुरूम होतो आणि पुढे दीर्घ काळाने काळी माती. प्रवाहाची झीज पाहायची असेल तर कुकडीकाठच्या निघोजला जावे. तेथे पात्रातील कातळात प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे शतकानुशतके एकाच जागी फिरत राहिले आणि त्यांनी खडकात रांजण कोरले. खळगा कोरताना गोटाही झिजला. नदीचे हत्यार स्वतः खर्ची पडते आणि त्याचा चुरा पुढे कोणाच्यातरी शेताची माती होतो.

याच कुकडीच्या काठी, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे १९८०च्या दशकात संशोधकांचे लक्ष एका वेगळ्या थराकडे गेले. नदीच्या गाळात ज्वालामुखीची राख होती, काचेसारख्या सूक्ष्म कणांची. दख्खनचा लाव्हा तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थिजलेला. तेव्हा ही राख दूरच्या उद्रेकातून वाऱ्याबरोबर आली, पावसाने उतारांवरून धुतली आणि नदीने एकत्र केली. या राखेच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाल्याने तिच्या वयाला असाधारण महत्त्व आले. एका कालमापनाने ते सुमारे १४ लाख वर्षे ठरले, दुसऱ्याने सुमारे ६ लाख ७० हजार. तर अन्य अभ्यासकांनी ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची मानली. दख्खनमध्ये माणूस केव्हापासून वावरतो, हा प्रश्न अशा रीतीने काही वीत जाडीच्या थरावर येऊन ठेपला.

साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद अपरिचित वाटू नये. संहिता-चिकित्सेत आपण 'प्रक्षेप' ओळखतो : मूळ ग्रंथात मागाहून घुसलेला मजकूर. भूविज्ञानात 'निक्षेप' म्हणजे साठलेला गाळ. पण निक्षेपातही प्रक्षेप असतो. नदी जुन्या काठातील हत्यार उकरते आणि नव्या वाळूत नेऊन टाकते. मग दोन भिन्न काळांच्या वस्तू शेजारी शेजारी सापडतात. म्हणून अभ्यासक हत्याराची धार पाहतो. कडा बोथट झाल्या असतील तर ते गोट्यांबरोबर लोळत आले आहे. कडा शाबूत असतील तर ते फारसे हललेले नाही. काळी माती तर अधिकच फसवी. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, पृष्ठभागावरचे खापर त्यांत घरंगळते आणि पावसाळ्यात माती फुगून भेग बुजते. नवे खाली जाते, आणि वरवर पाहता कसलीही खूण राहत नाही.

नद्याही सर्व काळ सारख्या वागलेल्या नाहीत. दख्खनच्या नद्यांच्या गाळाचा अभ्यास सांगतो की पाऊसमान क्षीण असताना त्यांच्यात ओझे वाहण्याचे बळ उरले नाही आणि खोरी वाळू-मातीने भरत गेली. सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास मोसमी पाऊस बळावला, तेव्हा त्याच नद्यांनी आपणच साठवलेला गाळ खोलवर कापला. आज त्यांच्या काठाला जे उंच, उभे कडे दिसतात ते या कापणीचे. म्हणजे कोरड्या काळाने पुरावा पुरला आणि ओल्या काळाने तो उघडा केला. मात्र उघडे करणे ही नाशाचीही सुरुवात असते. काठात दिसणारे हत्यार पुढच्या पुरात वाहून जाणार असते.

घोडनदीच्या काठचे इनामगाव (ता. शिरूर) या दृष्टीने फार बोलके आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वस्ती. शंभराहून अधिक घरे, जमिनीखाली केलेली दफने, पुराचे पाणी वळवून साठवण्याची व्यवस्था, हे सारे मातीच्या थरांतून वाचले गेले. अखेरच्या टप्प्यात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. पाऊसमान घटल्याने शेती खालावली आणि अखेर वस्ती उठली, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. त्या माणसांनी आपल्या विपत्तीविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. घराचा आकार बदलला, एवढीच त्यांची साक्ष.

अशा जागांना मराठीने फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. 'गावगाडा' (१९१५) वाचलेल्यांना 'काळी' आणि 'पांढरी' ही जोडी ठाऊक असेल. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून वस्तीची जागा पांढुरकी होते आणि उंचावते. काळी ही निसर्गाने केलेली भर, पांढरी ही माणसाने केलेली. पुरातत्त्वज्ञ ज्याला वसाहतीचे निक्षेप म्हणतो ते आपल्या भाषेला शेतसाऱ्याच्या व्यवहारातून आधीच माहीत होते. विपर्यास असा की ही पांढरी खत म्हणून उत्तम, त्यामुळे कित्येक ठिकाणी ती गाड्या भरभरून शेतात नेण्यात आली. पांढरीची काळी झाली आणि वाचण्याजोगे पान नाहीसे झाले.

हे सारे दूरच्या काळापुरतेच आहे असे मात्र नाही. याच घोडेच्या पाणलोटात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगराचा उतार कोसळला आणि सुमारे १५० माणसे गाडली गेली. मुसळधार पावसाने उतारावरची विदारण झालेली जाड माती पाण्याने भरली आणि आपल्याच भाराने घसरली. उतारावरील सपाटीकरणाचा त्यात किती वाटा होता, यावर बरीच चर्चा झाली. भूवैज्ञानिक भाषेत ही 'विस्तृत झीज'. परंतु ज्या प्रक्रियेला आपण लाखो वर्षांच्या मापाने मोजतो ती एका सकाळीही पूर्ण होऊ शकते, आणि तेव्हा निक्षेप या शब्दाखाली माणसे असतात. हे विसरून थरांविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आज घोडेवर डिंभे आणि कुकडीवर माणिकडोह, येडगाव ही धरणे आहेत. खालच्या काठांवर पसरला असता तो गाळ त्यांच्या तळाशी साचतो. दुसरीकडे, बांधकामासाठी दख्खनच्या नद्यांची पात्रे वाळूसाठी उपसली जात आहेत. वाळूउपशाची चर्चा सहसा पाणी आणि पर्यावरण या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. पण त्याला इतिहासाचेही अंग आहे. नदीने एका ठिकाणचे उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवले तर संशोधक तिच्या मागावर जाऊ शकतो, कारण तिच्या वागण्याला नियम आहेत. यंत्राने उपसलेल्या वाळूत आलेले हत्यार मात्र एखाद्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये जाऊन बसते. त्याला ना थर उरतो, ना संदर्भ. हस्तलिखित जळाले तर आपण हळहळतो, कारण त्यावर अक्षरे होती हे आपल्याला माहीत असते. नदीकाठची दरड वाहून नेली जाते तेव्हा तीही एक संहिता होती, हे सांगणारा कोणीतरी आधी तेथे पोहोचलेला असावा लागतो.