बेस गिटारची नेक कशी ॲडजस्ट करायची? ट्रस रॉडची सोपी माहिती

मे महिन्यात मस्त वाजणारी बेस गिटार पावसाळ्यात अचानक खरखरायला लागली? चिमूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली या भागात कडक, कोरडा उन्हाळा संपला की लगेच दमट हवा सुरू होते. लाकूड ओलावा शोषतं, सोडतं आणि नेकचा बाक बदलतो. बिघाड दरवेळी मोठा नसतो, पण चुकीचा पाना फिरवलात तर मोठा होऊ शकतो.

ट्रस रॉड म्हणजे काय?
चार तारा मिळून नेकला साधारण ७५ ते ८० किलोच्या ताणाने ओढतात. त्याला तोंड द्यायला नेकच्या आत स्टीलची सळई असते, तीच ट्रस रॉड. नेक अगदी सरळ नको, किंचित खोलगट हवी, कारण कंप पावणाऱ्या तारेला जागा लागते. या बाकाला 'रिलीफ' म्हणतात.

आधी मोजा
१. गिटार नेहमीच्या सुरात लावा. जाड ई तार ४१.२ हर्ट्झची असते, काही फोनचे माइक ती नीट पकडत नाहीत. ट्यूनर ॲप गडबडलं तर १२व्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (८२.४ हर्ट्झ).
२. तीच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटला कॅपो चालेल.
३. ७व्या-८व्या फ्रेटवर तारेखालची फट बघा, फोनचा टॉर्च लावा. ०.३ ते ०.४ मिमी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठीक आहे.

मग फिरवा
• फट जास्त: नटकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने. आधी तारा थोड्या सैल करा.
• फट नाहीच, सुरुवातीच्या फ्रेटवर खरखर: उलट दिशेने.
• एका वेळी फक्त पाव फेरा. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी परत तपासा, लाकूड सावकाश बसतं.

हे टाळा
अॅलन की अगदी घट्ट बसणारीच घ्या. सैल पान्याने नटचे कोपरे झिजतात, मग दुरुस्तीसाठी नागपूरची वारी ठरलेली. जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच थांबा. फक्त वरच्या फ्रेटवर खरखर असेल किंवा सगळ्या तारा उंच वाटत असतील, तर दोष बहुधा ट्रस रॉडचा नाही. आधी ब्रिजवरचे सॅडल बघा.

झाडीपट्टीच्या थंडीत उघड्या मंडपात वाजवणार असाल, तर गिटार कव्हरमध्येच अर्धा तास हवेला सरावू द्या, मगच सूर लावा.