कंसातले नाव

धाराशिव जिल्ह्यातल्या शेतजमिनीची माहिती आज सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये असते. तिची प्रत राखणे आणि मूळ हातचे गेले तर प्रतीवरून ते पुन्हा उभे करणे, हे काम मात्र या जिल्ह्यात संगणकाच्या फार आधीपासून चालत आले आहे. ते पटवाऱ्याने केले, पुढे तलाठ्याने केले. बॅकअप आणि रिकव्हरी हे शब्द त्यांच्या कानावरही आले नव्हते.

1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावात मालीपाटील वसूल गोळा करी आणि पटवारी हिशेब लिही. गावची वही मराठीत, बहुधा मोडीत असे. वरच्या कचेऱ्यांचा कारभार आधी फारसीत आणि 1880 च्या दशकापासून उर्दूत चाले. 1317 फसली, म्हणजे 1907-08 मध्ये संस्थानाचा जमीन महसूल कायदा आला. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन निघतो. जुना कागद हाती आला की महसुलातला माणूस आजही आधी ही बेरीज करतो. मोजणीनंतर प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र आणि आकार दाखवणारे सेतवार तयार होई. असे कागद कापडी रुमालात बांधून दप्तरात ठेवत. एकाच जमिनीची हकिकत अशी दोन ठिकाणी आणि दोन लिप्यांत नोंदली जाई. हे कोणी ठरवून केले नव्हते, तरी त्याचा उपयोग शंभर वर्षांनी झाला.

पोलिस ॲक्शननंतर सगळी घडीच बदलली. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1950 मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. जमीन कोणाची आणि कसतो कोण, हे नव्याने लिहिणे भाग होते. 1358 फसलीच्या हक्कनोंद नियमनाखाली 1954-55 मध्ये खासरा पत्रक तयार झाले. मराठवाड्यातला जमिनीचा वाद अजूनही हटकून खासऱ्यापर्यंत जातो. डेटाबेसच्या भाषेत खासरा हा पूर्ण बॅकअप होय. एका ठरावीक वेळी सगळ्या जमिनींची स्थिती काय होती, हे तो एका जागी दाखवतो.

पण जमीन एका स्थितीत राहत नाही. खातेदार वारतो, खरेदीखत होते, भाऊ वाटून घेतात. असा प्रत्येक बदल आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, अनुक्रमांकाने चढतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच तिचा अंमल सातबाऱ्याला लागतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर तो कसा लागे, हे नीट पाहण्यासारखे आहे. जुने नाव खोडत नसत. त्याला कंस करत, नवे नाव लिहीत आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात टाकत. कंसातले नाव वाचता येई आणि वर्तुळातला आकडा धरून तलाठी थेट त्या व्यवहारापर्यंत पोहोचे.

आधी बदलाची नोंद, मग प्रत्यक्ष बदल, हेच आजच्या डेटाबेसचेही मूळ तत्त्व आहे. 1970 च्या दशकात आयबीएमच्या संशोधकांनी ते संगणकावर बसवले. 1992 मध्ये सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरीज ही पद्धत सविस्तर मांडली. बदलांच्या या रोजनाम्याला लॉग म्हणतात. यंत्र मध्येच बंद पडले तर आधी शेवटची पक्की प्रत घ्यायची आणि तिच्यावर लॉगमधले पुढचे बदल क्रमाने पुन्हा चढवायचे. जे व्यवहार अर्धवट राहिले, ते मागे घ्यायचे. सातबारा फाटला तर जुना सातबारा आणि फेरफार समोर ठेवून तलाठी नेमके हेच करी. वहीची पाने भरत म्हणून दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन होई. चालू नावे नव्या वहीत उतरत, जुनी वही अभिलेख कक्षात जाई. तिथे अ वर्गाचे कागद कायम, ब वर्गाचे 30 वर्षे आणि ड वर्गाचे वर्षभर ठेवण्याचा नियम आहे.

1982 मध्ये उस्मानाबादमधून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, लातूर जिल्हा वेगळा निघाला. त्यानंतर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. या जिल्ह्यात सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. दोन्ही जिल्ह्यांतली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. तिथे कोणाला केवढे घर मिळणार, हे जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400 आणि त्याहून जास्त जमीन असेल तर 750. ज्या कुटुंबाचे सगळे ढिगाऱ्याखाली गेले, त्याच्या घराचे माप सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आले. गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी दुसरी प्रत असण्याची किंमत याहून स्पष्ट दिसणे कठीण आहे. प्रत मूळ कागदाच्याच छताखाली असेल, तर छत कोसळले की दोन्ही जातात. सर्व्हरची एक प्रत दूरच्या गावी ठेवतात, ती याच कारणाने.

सातबारा संगणकावर आला तेव्हा धोका वेगळा होता. हस्तलिखितावरून टंकताना नाव चुकले, क्षेत्र चुकले, तर बॅकअपमध्येही तीच चूक इमानाने जपली जाते. त्यावर उपाय म्हणून 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि हस्तलिखिताशी ताडून पाहायचा. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली चुका दुरुस्त झाल्या. सातबाऱ्यांच्या क्षेत्राची बेरीज भूमी अभिलेख खात्याच्या आकारबंदाशी जुळवण्याचे कामही याच ओघातले. दोन खात्यांनी स्वतंत्रपणे राखलेले आकडे जुळले, तर चूक नसल्याची खात्री वाढते. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

जुन्या दप्तराची खरी कसोटी 2023 मध्ये लागली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले रुमाल सुटले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, हक्कनोंदी, जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा, शाळांचे निर्गम उतारे, सगळे तपासले गेले. जे इथे नव्हते त्याचा शोध हैदराबादच्या अभिलेखागारात घेतला गेला. कागद होते, पण मोडी आणि उर्दू वाचणारे मोजकेच उरले होते. त्यांना शोधून बसवावे लागले. फाइल शाबूत आहे पण ती उघडणारी प्रणाली कालबाह्य झाली, तर संगणकातही हीच अडचण येते. म्हणून प्रत नुसती साठवून भागत नाही, ती अधूनमधून उघडून वाचून पाहावी लागते.

त्याच वर्षी 15 सप्टेंबरच्या अधिसूचनेने जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. नव्या उताऱ्यांच्या माथ्यावर आता ते छापून येते. खासऱ्यावर आणि 2023 आधीच्या उताऱ्यांवर उस्मानाबाद तसेच आहे. त्याहून जुने काही शोधणाऱ्याला नळदुर्ग हे नावही पाहावे लागते, कारण जिल्ह्याचे ठाणे आधी तिथे होते.