शाकारणी, नौकांची

पावसाळ्यात नौका पाण्याबाहेर काढून, तिला खालून आधार देऊन आणि वरून छप्पर घालून ठेवण्याची कोकण-गोव्यातील रीत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खवळणारा समुद्र हे तिचे मूळ कारण. कायद्याची बंदी फार पुढची. सध्या गोव्यात व महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असते. जुन्या रीतीप्रमाणे मात्र होडी पाण्यात घालायची ती नारळी पौर्णिमेला.

पेडणे तालुक्यातील केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवर मेअखेरीस ही लगबग दिसते. भरतीच्या पाण्याने होडी नेता येईल तितकी वर आणायची आणि तिथून ओंडक्यांवरून सरकवत माडांच्या किंवा सुरूंच्या आडोशाला न्यायची. जूनच्या उधाणाचे पाणी मेच्या भरतीरेषेपेक्षा बरेच वर चढते, म्हणून जागा निवडताना मागच्या पावसाळ्यातील खुणा पाहतात. रापणीच्या होड्यांसाठी झापांच्या खोपी उभारतात. मोठे ट्रॉलर ओढून काढणे अवघड, तेव्हा ते शापोऱ्यासारख्या नदीमुखात आत नेऊन बांधतात.

सगळ्यात महत्त्वाचे काम आधाराचे, आणि घाईत चुकते तेही हेच. पाण्यात असताना नौकेचे वजन तळाच्या साऱ्या पृष्ठभागावर विभागलेले असते. जमिनीवर आले की ते दोनचार जागी एकवटते. म्हणून भार कण्याने, म्हणजे पठाणाने पेलला पाहिजे. त्याच्याखाली थोड्याथोड्या अंतरावर लाकडी ठोकळे एका रेषेत घालतात. एक ठोकळा जरी खाली बसला तरी कणा हळूहळू वाकतो, आणि वाकलेला कणा सहसा पूर्ववत होत नाही. बाजूच्या टेकूंचे काम नौका उभी ठेवण्याचे. त्यांच्यावर वजन टाकले तर फळी आत दबते. टेकू शक्यतो आतल्या वाकांच्या किंवा आडव्या तक्त्यांच्या रेषेत लावावा. समोरासमोरचे टेकू तळाखालून साखळीने किंवा दोराने जोडले तर बाहेर निसटत नाहीत. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात वाळू वाहून जाते व माती मऊ होते, म्हणून प्रत्येक ठोकळ्याखाली रुंद फळी हवी. आठवड्यातून एकदा फेरी मारून पाचरी पुन्हा ठोकाव्यात. फायबरच्या होडीला कुजण्याचे भय नाही, पण तिचे कवच पातळ असते. एखाद्या टोकदार ठोकळ्यावर दोन महिने बसली तर तिथे खोलगा पडतो, म्हणून मध्ये जुन्या टायरचे तुकडे किंवा गोणपाट घालतात.

नाळेकडची बाजू थोडी उंच ठेवून मागचे बूच काढून ठेवतात. साचलेले गोडे पाणी लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक घातक, कारण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या ओलीतच फोफावते. याच कारणासाठी माडाच्या विणलेल्या झापांचे छप्पर घट्ट आवळलेल्या ताडपत्रीहून सरस ठरते: पाणी निथळते आणि वारा खेळता राहतो. ताडपत्रीच घालायची तर मधोमध आडवा वासा टाकून तिला उतार द्यावा आणि दोन्ही टोके उघडी ठेवावीत. लाकूड फार वाळणेही वाईट, फळ्यांमधल्या फटी उघडतात. त्या कापूस ठासून, वर राळ व तेल देऊन बुजवतात. हंगामाच्या तोंडावर होडी थोडा वेळ पाण्यात ठेवली की फळ्या फुगून उरलेल्या फटी मिटतात.

पाण्याबाहेर काढण्याचा आणखी एक फायदा आहे. लाकूड पोखरणारा टेरेडो दिसतो किड्यासारखा, पण तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. वाळलेल्या लाकडात तो जगत नाही आणि गोडे पाणीही त्याला मानवत नाही. भर पावसात मांडवीसारख्या नदीच्या आतल्या भागाचे खारेपण जवळजवळ नाहीसे होते, त्यामुळे नदीत बांधलेल्या नौकेलाही या त्रासातून काही काळ सुटका मिळते.

बाहेर बसवण्याचे इंजिन गोड्या पाण्यावर चालवून मीठ धुतात, इंधन काढून टाकतात आणि ते उभेच ठेवतात. जाळी वाळवून, उंदरांपासून व उन्हापासून दूर, आढ्याला टांगतात.

मराठा आरमारालाही पावसाळी छावणीचा विचार करावा लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त ही छावणी दरसाल एकाच बंदरात करू नये, असे बजावले आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी आजही पाहता येते.

गोव्यातील डिचोली तालुक्याला मात्र समुद्रकिनारा नाही. तिथली नौका नदीची. या पट्ट्यातील लोहखनिज मांडवीकाठच्या धक्क्यांवरून बार्जने मुरगाव बंदरात जाई. पावसाळ्यात आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचे तोंड धोक्याचे होते, तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरावे लागे. मंदीचे हे महिने बार्जच्या डागडुजीचे. सपाट तळाचा पोलादी बार्ज गोदीत ठोकळ्यांच्या अनेक रांगांवर बसवतात, गंज खरवडून रंग देतात आणि पोलादाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे बदलतात. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा पडल्या, तेव्हा बार्ज नदीतच बांधून राहिले. ही विश्रांती पावसाळ्याची नव्हती आणि तिला अखेरची तारीखही नव्हती. पाण्यात उभ्या पोलादाचे जस्त संपले की गंज तळालाच लागतो, आणि पाण्याची पातळी जिथे रोज खालीवर होते त्या पट्ट्यात पत्रा झपाट्याने खंगतो.