नामित श्रेणी (स्प्रेडशीट)

नामित श्रेणी म्हणजे स्प्रेडशीटमधील एखाद्या सेलला किंवा सेलच्या समूहाला दिलेले नाव होय. हे नाव सूत्रात पत्त्याऐवजी वापरता येते. नावामागील संदर्भ निरपेक्ष, सापेक्ष किंवा मिश्र असू शकतो. एक्सेल आणि लिब्रेऑफिस कॅल्क या दोन्ही प्रणालींत ही सोय आहे.

निरपेक्ष नाव

निरपेक्ष संदर्भात रकाना व ओळ या दोहोंपूर्वी $ चिन्ह असते, उदा. $एफ$१. असे नाव कोणत्याही सेलमध्ये लिहिले तरी त्याच एका जागेकडे निर्देश करते. माउसने सेल निवडून नाव दिल्यास ते निरपेक्षच होते; त्यामुळे नावे नेहमी स्थिर असतात, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही.

सापेक्ष नाव

$ चिन्ह काढल्यास नाव सापेक्ष होते. अशा नावात पत्ता नव्हे, तर अंतर साठवले जाते, आणि ते अंतर नाव देताना कर्सर ज्या सेलवर असेल तेथून मोजले जाते.

परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील कृषी उत्पन्न बाजार समितीत सोयाबीनची आवक होते. तशा खरेदीची हिशेबपट्टी उदाहरणादाखल घेता येईल. बी रकान्यात दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाचे वजन क्विंटलमध्ये आहे. एफ१ मध्ये केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी जाहीर केलेला ४,८९२ रुपये हा दर आहे. एफ१ ला 'हमीभाव' हे निरपेक्ष नाव द्यावे. नंतर कर्सर सी२ वर ठेवून बी२ या सापेक्ष संदर्भाला 'वजन' हे नाव द्यावे. आता सी रकान्यात सर्वत्र =वजन*हमीभाव हे एकच सूत्र चालते. बी२ मध्ये १२.५ असल्यास सी२ मध्ये ६१,१५० येतात. बी३ मध्ये ८ असल्यास सी३ मध्ये ३९,१३६.

नाव देताना कर्सर सी२ ऐवजी सी१ वर राहिला, तर 'वजन' याचा अर्थ 'डावीकडील रकाना, एक ओळ खाली' असा होतो. मग पहिल्या शेतकऱ्याच्या नावापुढे ३९,१३६ रुपये दिसतात, म्हणजे दुसऱ्याची रक्कम. आणि हीच सरकासरक शेवटपर्यंत चालते. स्प्रेडशीट त्रुटीचा कोणताही संदेश देत नाही, कारण तिच्या दृष्टीने सूत्र बिनचूक असते. शेवटच्या ओळीत येणारे शून्य एवढीच खूण उरते, आणि त्याखाली बेरजेची ओळ असल्यास तीही मिळत नाही.

वरच्या ओळीकडे निर्देश करणारे सापेक्ष नाव एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत वापरल्यास संदर्भ वळसा घेऊन पानाच्या तळाशी, १०,४८,५७६ व्या ओळीत जातो. तेथील सेल बहुधा रिकामा असल्याने ही चूकही लपून राहते.

मिश्र नाव

$बी२ या संदर्भात रकाना स्थिर व ओळ सापेक्ष असते. हिशेबपट्टीसाठी हाच प्रकार अधिक सोयीचा आहे. हमाली, तोलाई यांचे रकाने मध्ये वाढवून तेथे सूत्र लिहिले तरी 'वजन' त्याच ओळीतील बी रकान्यातून घेतले जाते.

तपासणी व नियम

कंट्रोल व एफ३ या कळा एकत्र दाबल्यास नावांची यादी उघडते. सापेक्ष नावापुढील पत्ता कर्सरच्या जागेप्रमाणे बदलतो. म्हणून सूत्राच्या सेलवर कर्सर ठेवूनच यादी पाहावी. नावात मोकळी जागा चालत नाही, तसेच सेलच्या पत्त्यासारखे दिसणारे नाव स्वीकारले जात नाही. एक्सेलमध्ये नावाची कमाल लांबी २५५ वर्णांची आहे. नावाची व्याप्ती संपूर्ण कार्यपुस्तिकेपुरती किंवा एका पानापुरती ठरवता येते.