वेष भाऊसाहेबांचा, दैव सुखनिधानाचे

बगदादच्या अबू हसनची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी वाचली असेल. खलिफा हारून अल् रशीद ह्या साध्या व्यापाऱ्याला गुंगीचे औषध देऊन राजवाड्यात नेतो. सकाळी तो जागा होतो तेव्हा अंगावर राजवस्त्रे असतात, भोवती दासदासी उभ्या असतात आणि जो तो त्याला खलिफा म्हणून मुजरे करीत असतो. प्रथम तो गोंधळतो. मग हळूहळू आपण खरोखरच खलिफा आहोत असे त्याला वाटू लागते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्यापासून मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना अशा कथांची गोडी लागली आहे. परंतु अबू हसनच्या तोडीची एक कथा आपल्याच इतिहासात घडून गेली आहे आणि तिचा नायक एक सामान्य, अनाम राहावा असा मनुष्य होता. फरक इतकाच की, त्याला झोपेत कोणी राजवस्त्रे चढविली नाहीत; ती त्याने जागेपणी चढविली. आणि अखेरीस त्याला हसून घरी पाठवणारा खलिफाही त्याच्या वाट्यास आला नाही.

ह्या माणसाचे नाव सुखनिधान. काही ठिकाणी ते सुखलाल असेही आढळते. हा बुंदेलखंडातील कनोजी ब्राह्मण. मराठी इतिहासात मात्र तो स्वतःच्या नावाने फारसा ओळखला जात नाही. तो ओळखला जातो ‘तोतया’ ह्या एकाच शब्दाने. आपले मंडळ महाराष्ट्रापासून दूर, परप्रांतात पन्नास वर्षे नांदत आले आहे. पानिपत आणि बुंदेलखंड ह्या दोन परभूमींत जिचा उगम आहे आणि कोकणात व पुण्यात जिचा शेवट झाला, अशी ही कथा सुवर्णमहोत्सवी अंकातून वाचकांपुढे ठेवणे उचित वाटते.

कथेचे मूळ १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी आहे. त्या दिवशी दुपारनंतर पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि लढाईचे पारडे फिरले. चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांना जिवंत पाहिल्याचे खात्रीने सांगणारा कोणी उरला नाही. त्यावेळी भाऊंचे वय तीस वर्षांचे होते.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाने ह्या युद्धाचा जो वृत्तान्त लिहून ठेवला आहे, त्यात भाऊंच्या देहाच्या शोधाची हकीकत येते. प्रेतांच्या राशीत एक शिरविरहित धड सापडले. मांडीवरील डाग, पाठीवरील जुना व्रण अशा खुणांवरून ते भाऊंचे असल्याचे ठरविण्यात आले आणि त्याला अग्निसंस्कार देण्यात आला. काशिराज तेथे प्रत्यक्ष हजर असल्यामुळे इतिहासकारांना ही साक्ष महत्त्वाची वाटते. परंतु पुण्यात बसलेल्या माणसांना ती पुरेशी वाटणे कठीण होते. मुखच न दिसलेल्या प्रेताची ओळख, तीही शत्रूच्या गोटातून आलेली! शिवाय रणांगणातून निसटलेली माणसे महिनोन् महिने एकेक करून परत येतच होती. पायाला जखम होऊन पडलेले महादजी शिंदे राणेखान भिस्त्याच्या कृपेने वाचून आले. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई जानू भिंताड्यासारख्या निष्ठावंताच्या साहाय्याने त्या प्रलयातून सुखरूप बाहेर पडल्या. मग भाऊच तेवढे का परतू नयेत, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर काय द्यावयाचे?

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पानिपतावरून वाचलेल्यांमध्ये एकोणिसाव्या वर्षातला एक तरुण कारकून होता. त्याने पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तात त्या पलायनाचे वर्णन केले आहे. घोडा सोडला, अंगावरची वस्त्रे टाकून दिली, गवतात लपून गिलच्यांपासून जीव वाचविला आणि अर्धपोटी, पायी वाट तुडवीत तो सुरक्षित मुलखात पोचला. अंगावरचा वेष टाकला म्हणून जो जगला, तो हा तरुण म्हणजे नाना फडणीस. आणि पंधरा वर्षांनी, दुसऱ्याचा वेष अंगावर घेतला म्हणून जो मेला, त्या सुखनिधानाचा निवाडा करण्याची पाळी ह्याच नानांवर आली.

तोतया प्रथम प्रकटला तो उत्तरेत, पानिपतनंतर थोड्याच वर्षांत. हा सामान्य मनुष्य त्या थोर नावापर्यंत कसा पोचला असेल? त्याची अंगलट व चेहरामोहरा भाऊंशी मिळताजुळता होता, असे सांगतात. कोणी त्यास पाहून दचकला असेल, कोणी हात जोडले असतील, आणि आपल्या चेहऱ्यात काय सामर्थ्य आहे हे त्यास त्या क्षणी प्रथम कळले असेल. हा अर्थातच तर्क आहे. परंतु इतके निश्चित की, हां हां म्हणता त्याच्याभोवती माणसे जमली आणि बुंदेलखंडातील एका गरीब ब्राह्मणाचे ‘श्रीमंत भाऊसाहेब’ झाले.

थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्यास पकडण्यात आले. चौकशी झाली, तो भाऊ नव्हे असे ठरले आणि त्यास किल्ल्यावर कैदेत टाकण्यात आले. अशा गुन्ह्यास त्या काळी देहान्त प्रायश्चित्तच अपेक्षित असे. तरीही त्यास जिवंत का ठेवले? पुष्कळांचे मत असे की, पार्वतीबाईंच्या भावनेचा मान राखला गेला. त्या बाईंनी वैधव्य कधीच स्वीकारले नव्हते. त्यांच्या कपाळी कुंकू होते, आणि ‘तुमचे यजमान गेले’ असे त्यांना तोंडावर सांगण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. तोतया खोटा ठरला तरी त्याला मारणे म्हणजे त्या कुंकवाला धक्का लावण्यासारखे, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही.

आम्हां सरकारी नोकरांना ह्या गोष्टीची दुसरी बाजू चटकन दिसते. माणूस हयात आहे की नाही, आणि तो जो म्हणवतो तोच आहे की नाही, हे दोन प्रश्न प्रत्येक कचेरीत रोज उभे राहतात. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. सात वर्षे ज्याची वार्ता नाही त्यास मृत मानावे, असे गृहीतक १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने घालून दिले. पेशवाईत छायाचित्र नव्हते, बोटांच्या ठशांची पद्धत नव्हती. ओळख पटवावयाची ती माणसांच्या स्मरणावर, आणि स्मरण तर इच्छेच्या आहारी जाते. भाऊ परतले असते तर १७७६ साली सेहेचाळीस वर्षांचे असते. चेहरा निराळा दिसला तर वयाने आणि हालअपेष्टांनी बदलला. जुनी गोष्ट आठवली नाही तर आघाताने विसरली. ज्यास विश्वास ठेवावयाचाच आहे त्यास प्रत्येक विसंगतीचे उत्तर तयार असते.

पुढे माधवराव १७७२ मध्ये निवर्तले, १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि पेशव्यांच्या घराची घडी पार विसकटली. गादीवर १७७४ च्या एप्रिलमध्ये जन्मलेले मूल, कारभार बारभाईंच्या हाती, आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. १७७६ च्या मार्चमध्ये इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला खरा, परंतु दोन्ही पक्षांचा त्यावर भरवसा नव्हता. अशा वेळी पेशवे घराण्यातील एखादा कर्ता, वडील पुरुष अकस्मात परतावा, ही कल्पनाच किती मोहक असली पाहिजे! पाळण्यातील धनी आणि परक्यांच्या छावणीतील चुलत आजोबा ह्यांच्यामध्ये लोकांना उभा दिसला तो पानिपताचा सेनापती.

ह्या सुमारास तोतया रत्नागिरीस कैदेत होता. तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे ह्यांनी त्याचा पक्ष घेतला आणि १७७६ साली तो बंदिवासातून बाहेर पडला. नाईकांची खरोखर खात्री पटली होती की त्यांना राजकारणाचा डाव खेळावयाचा होता, हे त्यांचे मन जाणे. परंतु एका सुभेदाराने मुजरा केला की इतरांचे मुजरे आपोआप होतात. कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या ताब्यात आले. सैन्याचा जमाव २०,००० पर्यंत गेल्याचे सांगितले जाते. काल ज्याच्या पायात बेडी होती तो आज सनदा देऊ लागला. अबू हसनच्या राजवाड्यात तरी नाटक आहे हे ठाऊक असलेला एक खलिफा पडद्याआड बसला होता. येथे नाटकाला सूत्रधारच उरला नव्हता. पात्रे, प्रेक्षक आणि नायक सारेच त्या वेषाच्या अमलाखाली होते.

पावसाळा उलटता उलटता ही सेना बोरघाट चढून राजमाचीच्या परिसरापर्यंत आली. पुणे आता दूर नव्हते. कारभाऱ्यांनी महादजी शिंदे आणि तोफखान्याचे सरदार भिवराव पानसे ह्यांना रवाना केले. महादजी स्वतः पानिपतावर लढलेले. खरे भाऊ त्यांनी पाहिले होते, आणि त्या दिवसाची खूण त्यांच्या अधू पायात आयुष्यभर राहिली होती. त्यांच्यापुढे हे सोंग टिकणे शक्य नव्हते. तोतयाच्या फौजेचा मोड झाला. तो कोकणात उतरला आणि समुद्रमार्गाने मुंबईकर इंग्रजांचा आसरा मिळवावा ह्या आशेने निघाला, परंतु कुलाब्यास राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. आंग्र्यांनी त्यास पुण्यास पाठवून दिले.

पुण्यात पुन्हा चौकशी झाली. भाऊंना प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या आणि तो सुखनिधान असल्याचा निर्णय झाला. १७७६ च्या डिसेंबरात त्यास देहदंड देण्यात आला. त्याच्या पाठीराख्यांनाही शासन झाले. बंड मोडले.

असे प्रसंग केवळ आपल्याच इतिहासात घडले असे नव्हे. त्याच सुमारास, १७७३ मध्ये, रशियात पुगाचेव्ह नावाच्या एका सामान्य कोसॅक शिपायाने आपण अकरा वर्षांपूर्वी मेलेले झार तिसरे पीटर असल्याचे जाहीर केले आणि साम्राज्ञी कॅथरिनचे आसन हलविले. १७७५ च्या आरंभी मॉस्कोत त्याचा शिरच्छेद झाला. दोन्ही कथांतील साम्य उघड आहे. गांजलेल्या किंवा दुःखी लोकांना एक हरवलेला धनी हवा असतो. जागा रिकामी असते, आणि तिच्या मापाचा मनुष्य कोठेतरी सापडतो. वेष धारण करणारा एकटा असतो. परंतु तो वेष शिवणारे हात हजारो असतात.

आपल्याकडे वेष घेण्याची एक निर्मळ परंपरा आहे. बहुरूपी दारात येतो, कधी अंमलदार होऊन दरडावतो, कधी गोसावी होऊन आशीर्वाद देतो. घरातले घाबरतात, मग हसतात, आणि तो हात पुढे करून बिदागी मागतो. त्या हात पुढे करण्यातच त्याची प्रामाणिकता आहे. ‘मी सोंग होतो’ ही कबुली दिल्याशिवाय त्याचा खेळ पुरा होत नाही. सुखनिधानाला हा शेवटचा भाग जमला नाही. किंवा असे म्हणू या की, लोकांनी त्याला तो करू दिला नाही. त्याला किती काळ आपण सुखनिधान आहोत ह्याचे भान राहिले असेल? बारा-पंधरा वर्षे ज्यास अनुयायी भाऊसाहेब म्हणतात आणि पहारेकरीही भाऊसाहेब म्हणवणारा म्हणूनच ओळखतात, त्याचे पहिले नाव एकांतात तरी त्याच्या ओठांवर येत असेल का? साहित्यसम्राट न. चिं. केळकरांना ह्या विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहावेसे वाटले ते उगीच नव्हे.

तथापि माझ्या मते ह्या कथेतील खरे धैर्य ना तोतयाचे, ना त्याचा बीमोड करणाऱ्यांचे. ते पार्वतीबाईंचे. तोतया भाऊ ठरला असता तर त्यांना पती मिळत होता, मान मिळत होता, बावीस वर्षांचा वनवास पंधरा वर्षांत संपत होता. त्यांच्या एका होकाराने बंडाला केवढे बळ आले असते! परंतु तो होकार त्यांनी दिला नाही. आणि तोतया खोटा ठरला म्हणून कुंकूही पुसले नाही. समोर उभा असलेला मनुष्य आपला नव्हे, आणि जो आपला आहे तो गेल्याचे आपण मानीत नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी सांभाळल्या. १७८३ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांच्याबरोबरच भाऊंचेही उत्तरकार्य करण्यात आले, असे सांगतात. पानिपतावर पडलेल्या त्या सेनापतीचा मृत्यू पुण्यातल्या त्याच्या घराने त्या दिवशी, बावीस वर्षांनी, मान्य केला.